कुंकूवाटेची सून

३ नोव्हेंबर
झेंडूचा टेम्पो आज पुन्हा अडला! मळ्याच्या रस्त्यावर पुण्याच्या बायका उभ्या — नऊवारी, नथ, वर गॉगल. व्हिडिओ चाललेला. "काकू, हीच ना कुंकूवाट?" म्हटलं, हीच बाई, पण जरा बाजूला व्हा, फुलं सुकतायत.

गेल्या वर्षी इथं मालिकेचं शूटिंग झालं आणि आमचा साधा शिवरस्ता 'कुंकूवाट' म्हणून घराघरात पोचला. मालिकेत म्हणे या वाटेनं आलेली सून वर्ष काढत नाही. तीन गेल्या आतापर्यंत. मालिका मात्र ठणठणीत!

आमच्या यांनी हौसेनं कमान लावली — 'कुंकूवाटेवर आपले स्वागत आहे'. शेजारच्या बायडाबाईनं कोपऱ्यावर 'कुंकूवाट मिसळ' काढली. मीच तेवढी वेडी, अजून फुलं विकतेय.

९ नोव्हेंबर
वणीचे लोक आज घर बघायला येणार होते, आमच्या पोरासाठी, जीवनसाठी. सकाळीच फोन. "घर चांगलंय हो, पण रस्ता..." मला वाटलं, खड्डे. म्हटलं, मुरूम टाकतो की! तर म्हणे, "तसं नाही ताई. आमची आई मालिका बघते."

पोराला व्यसन नाही, कष्टाला मागं नाही. आणि स्थळ मोडतं कशानं? टीव्हीनं! जेवताना त्यानं मान वर केली नाही. मला रडू आवरेना.

१० नोव्हेंबर
कमान उतरवली. यांनी शिडी धरली. खिळे मी उपटले!

१४ नोव्हेंबर
बायडाबाई विचारत होती, हिरॉइन जवळून कशी दिसते? कशी दिसणार, चिखल बघून गाडीतून उतरलीच नाही! नाशिकची एक पोरगी शालू नेसवून पाठमोरी चालवली. तिन्ही सुनांच्या वेळी तीच. बाभळीजवळच्या दगडाला ठेचकाळली, तेव्हा मीच अंगठ्यावर हळद दाबली. मुंडावळ्यांत तोंड काही नीट दिसलं नाही. सगळा महाराष्ट्र तिची पाठ बघून रडला आणि मुलाखती हिरॉइनच्या!

२१ नोव्हेंबर
नवं स्थळ — शुभांगी. माहेर नांदगावचं, नोकरी नाशिकला. जीवनला मनापासून आवडलीय, पोरगं चक्क गुणगुणतंय! उद्या घर बघायला येतायत. ठरलं — पाहुण्यांना पाटाच्या कडेनं आणायचं. लांब पडतं, पडू दे. कुंकूवाटेचं नाव कुणी काढायचं नाही. बायडाबाईच्या पाटीवर गोणपाट टाकलं. फुगलीय, फुगू दे.

२२ नोव्हेंबर
आमची अक्कल बघा! पाटाला पाणी सुटलेलं, हे कुणाच्या ध्यानातच नाही. पाहुण्यांची जीप रुतली. मुलीचे वडील गुडघाभर चिखलात, हे ढकलतायत, तिचे मामा ओरडतायत. आणि मुलगी? उतरली ती बांधावरून सरळ आमच्या रस्त्याला लागली!

धावले तशीच. "अगं पोरी, जपून, पुढं—"

"बाभळीजवळ दगड आहे ना? माहितीय," म्हणाली. हसली, चुकवून पुढं आली. पाया पडली. "मावशी, ओळखलं नाही? अंगठ्याला हळद तुम्हीच लावली होतीत."

२३ नोव्हेंबर
होकार आला! अट एकच — वरात कुंकूवाटेनंच यायची. म्हणाली, "तीनदा मेलेय तिथं. आता नांदायला येते."