डोळ्यांची साथ आणि बेगमबींची तारीख

४ ऑगस्ट १९९७, सोमवार
लातूरभर डोळे आले आहेत. माझ्या बायोलॉजीच्या क्लासात मिहिर लाल डोळे घेऊन हजर. घरी पाठवलं नाही. रजा घेऊन कोणी बोर्डात येत नसतं.
ठराव: टेस्ट एकही रद्द नाही.
रोग नजरेतून लागतो, हे जगजाहीर आहे. काळा चष्मा विकत आणून मिहिरला लावला. प्रश्न मिटला. विषाणूंचा धडा तसाही दिवाळीनंतर आहे.

६ ऑगस्ट
भार्गवीचेही डोळे लाल. चष्मा एकच, पाळीपाळीने फिरतो आहे. शिस्त म्हणजे शिस्त.
वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण बेगमबी भिंत धरत खाली आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कितीतरी खेपा घातल्यावर सोमवारची तारीख मिळाली आहे. म्हणाल्या, "सर, आमच्या उजमाला तेवढे दिवस सुट्टी द्या. घरात डोळे आले तर डॉक्टर हात लावायचे न्हाईत."
नातीच्या करिअरचा प्रश्न! त्यांना लातूर पॅटर्न समजावून सांगितला. त्या मान हलवत गेल्या. जरा वाईट वाटलं. म्हणून उजमाला खबरदारीसाठी चष्मा घरी नेऊ दिला. इतकं कोणता सर करतो?

९ ऑगस्ट
उजमाचे डोळे चिकटले. मिहिर एसटीने गावी, शिरूर अनंतपाळला गेला, चष्म्याविना. तिकडे साथ गेली तर माझा काय दोष?
उजमाचे वडील नजीरभाई जिन्यात भेटले. मला पाहून भराभरा खाली उतरले. कामात असतील.

११ ऑगस्ट, सोमवार
बेगमबींचेही डोळे आले. दवाखान्यातून परत पाठवलं. नवी तारीख दिली नाही.
माझी बायको इंदू म्हणाली, "तुम्ही बायोलॉजीच शिकवता ना?"
विषाणूंचा धडा काढला. हात, रुमाल, टॉवेल, एकमेकांच्या वस्तू. नजर कुठेच नाही. पुस्तक जुनं असावं.
नाही. पुस्तक नवंच आहे. फार लाज वाटते आहे.

१२ ऑगस्ट
ठराव: माफी मागायची, स्पष्ट शब्दांत. वाक्यं पाठ करून वर गेलो. माझेही डोळे चुरचुरत होते, धुळीने.
दारात उभा राहिलो. बेगमबींना नुसता आकार दिसला. नजीरभाईच आले असं समजून म्हणाल्या, "सरांना काई बोलू नको, बेटा. बिचाऱ्यांनी पोरीला आपला चष्मा दिला."
मी आवाज घोगरा करून "हाव, अम्मा" म्हणालो आणि जिना उतरलो.