सन्मानाने बसवलेला माणूस

प्रिय व्याहीबुवांस सप्रेम नमस्कार.

उभे राहिले की ज्यांना कुणी ना कुणी 'बसा' म्हणते, अशा समस्त दुर्दैवी माणसांत तुमचा आणि माझा नंबर फार वरचा आहे. तुम्ही विरोधी बाकावर, मी सत्ताधारी बाकावर, पण गाऱ्हाणे एकच. तुम्हाला सभापती बसवतात, मला माझाच पक्ष बसवतो. (घरी आपल्याला कोण बसवते ते लिहीत नाही, कारण हे पत्र पेटीत पडण्याआधी तुमच्या विहीणबाईंच्या हातून जायचे आहे.) तुमच्या गुडघ्याचे कसे आहे? आमच्या विहीणबाईंचा खोकला थांबला का? तुमची लेक इथे खुशाल आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त डोके ठिकाणावर नाही.

सभागृहात मला 'तोफ' म्हणतात. हे नाव तुम्हीच पाडले आणि तेव्हा ते कौतुकाने पाडले असावे असे मी अजून धरून चाललो आहे. माझे पहिले भाषण नळाच्या पाण्यावर होते. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा पाणीपुरवठा मंत्री बाहेर गेले, चहा प्यायले, कुणाला तरी भेटले, परत आले, तरी मी प्रस्तावनेतच होतो. पण लक्षात घ्या, त्या भाषणानंतर वरच्या वस्तीला पाणी आले! (मंत्री म्हणाले, पाणी देतो पण तुम्ही आता थांबा. लोकशाहीत वादविवादाने प्रश्न सुटतात, ते असे.) पुढे मी दवाखान्यांवर बोललो, तुरुंगांवर बोललो, गटारांवर तर इतका बोललो की आमची भाषणे टिपून घेणाऱ्या प्रतिवेदक बाई मला बघून पेन्सिलींना टोक काढायला बसत. बाई एकदा म्हणाल्या, "साहेब, तुमच्या एका भाषणात आम्ही लिहिणाऱ्या तिघी बदलतो, तरी तुमचं क्रियापद येत नाही." मी ते प्रशस्तिपत्रक समजलो.

ही तोफ थंड करायची तर काय करावे? आमच्या प्रतोदांना (म्हणजे सदस्यांना मतदानासाठी हाकत आणणारे गृहस्थ, ज्यांना आयुष्यात वर्तमानपत्राच्या मथळ्यापलीकडे काही वाचताना मी पाहिले नाही) युक्ती सापडली. माझा सन्मान करायचा! सभापती उठून गेले की त्यांच्या खुर्चीत बसायला चार-पाच ज्येष्ठांची नावे ठरलेली असतात. त्यांत तुम्ही आहात, मीही आहे. खुर्चीत बसला त्याने चर्चेत तोंड उघडायचे नाही. (हे तुम्हाला मी काय सांगायचे, पण संतापलेला माणूस समोरच्याला माहीत असलेलेच जास्त सांगतो.) मला नको असलेले विधेयक आले, की बाकीचे ज्येष्ठ उपाहारगृहात आणि मी एकटा बाकावर. सभापती कमरेला हात लावून उठतात, माझ्याकडे बघून हसतात, आणि मी वर. ही सबंध मुदत हेच चालले आहे. परवा सभागृहाने माझ्या गौरवग्रंथाची छापील पाने तपासायला पाठवली. विषय, 'ज्येष्ठ सदस्यांचे सभागृहातील चर्चेला योगदान'. माझ्या पहिल्या तीन मुदतींचे तीन भाग जाडजूड आहेत, मन भरून आले. शेवटच्या भागात पानामागून पान एवढेच: "शांत राहा." "आपण खाली बसा." "माननीय सदस्य, आपली वेळ संपली." याला योगदान म्हणतात! हे तर शाळेतला शिपाईही करतो आणि त्याचा ग्रंथ काढत नाहीत.

हेही सोसले असते. पण आता जे विधेयक आले आहे, ते मुळावर घाव घालणारे आहे. वस्त्यांमधली सगळी सार्वजनिक वाचनालये बंद करायची आणि त्या जागा परवाना कचेऱ्यांना द्यायच्या. व्याहीबुवा, मी एका खोलीच्या घरात वाढलो. सात माणसे, एक दिवा, आणि त्या दिव्याखाली वडिलांचे शिवणाचे यंत्र. वाचनालयातला लांब बाक नसता तर मी आज बाह्या शिवत असतो. (वडील म्हणत, वाईट काय झाले असते, निदान कुणाच्या उपयोगी पडला असतास.) ही माझी शेवटची मुदत. पुढची निवडणूक मी लढवणार नाही. या एका विधेयकावर माझा आवाज उठला नाही, तर आधीच्या गटारांना काय अर्थ?

विधेयक मांडले त्या दिवशी मी अर्थातच खुर्चीत. एक नवे सदस्य, धंद्याने ठेकेदार, हात उडवून म्हणाले, "आजकाल वाचतंय कोण?" माझ्या तोंडून निघून गेले, "मी!" झाले. हलकल्लोळ. एक वकील सदस्य हरकतीचा मुद्दा घेऊन उभे: खुर्चीने चर्चेत भाग घेतला. निर्णय कुणी द्यायचा? खुर्चीने. मी नियमांचे पुस्तक उघडले, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि हरकत मान्य केली. दुसरे काय करणार, हरकत बरोबर होती! आयुष्यातले माझे सर्वांत छोटे भाषण मी स्वतःच्या हुकुमाने कामकाजातून काढून टाकले. उपाहारगृहातून परतलेले तुम्ही समोर बसून रुमालात हसत होता, ते मी वरून पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या यादीतून नाव काढा असे सभापतींना लिहून दिले. त्यांनी ते सभागृहाला वाचून दाखवले, म्हणाले, "विनम्रता असावी तर अशी," आणि दोन्ही बाजूंनी बाके वाजवून मला यादीत कायम केले. (तुम्हीही वाजवलेत. दोन्ही हातांनी.) मग सविस्तर चर्चेच्या दिवशी मी सभागृहाच्या ग्रंथालयात जाऊन लपलो. बेत असा, की दुसरे कुणी खुर्चीत बसले की आत जायचे आणि कडाडायचे. कपाटाआड उभ्या उभ्या एक पुस्तक हाताला लागले. चांगले होते. फार चांगले होते. बाहेर आलो तेव्हा झाडूवाल्या मावशी बाकांखालचे कागद गोळा करत होत्या आणि विधेयक पुढच्या टप्प्यात गेले होते. वाचनाच्या बाजूने बोलायचे राहिले ते वाचत बसल्यामुळे, हे मी अजून कुणाला सांगितलेले नाही.

आता गुरुवारी शेवटची चर्चा आणि मतदान. असो. मन मोकळे करावे म्हणून लिहिले, काही मागायचे म्हणून नव्हे.

तुमचा,
तोफ

ता. क. खरे तर एक मागायचे आहे. गुरुवारी सभापती उठतील तेव्हा तुम्ही उपाहारगृहात जाऊ नका. बाकावर ठळक दिसा आणि ती खुर्ची तुम्ही घ्या, म्हणजे मी मोकळा होईन. तुमचे भाषण बुडेल, पण रागावू नका, तुम्ही बोललात की तुमच्याच बाजूची दोन माणसे पेंगतात. आणि वर बसल्यावर घंटेला हात लावू नका.

दुसरा ता. क. वरचा ता. क. रद्द समजा. पत्र तुमच्या लेकीने वाचले. ती कॉलेजात गणित शिकवते हे मी विसरलो होतो. म्हणाली, "अण्णा, भाषण ठोकल्यावर मत कुणाला देणार?" मी म्हटले, पक्षाला. द्यावेच लागते, नाहीतर जागा जाते. "मग त्या भाषणाचं करायचं काय?" मी गप्प. (कामकाजात नोंद घ्यावी.) मग तिने दोन्हीकडची माणसे मोजली. आमच्या बाजूला तुमच्यापेक्षा एकच माणूस जास्त आहे, आणि तो मी. खुर्चीतल्याला मत नसते, पण मते समसमान झाली तर निर्णायक मत त्याचेच असते, आणि अशा वेळी जुने आहे ते चालू ठेवायचे ही सभागृहाची प्रथा आहे, म्हणजे वाचनालये राहतात. सभापती दुपारनंतर परत येत नाहीत. माझे तोंड बंद करायच्या घाईत प्रतोदांनी स्वतःच्या हाताने आपले एक मत उचलून वर नेऊन ठेवले आहे! तेव्हा मी गुरुवारी सन्मानाने, विनम्रतेने, तोंड मिटून बसणार. हे पक्षाविरुद्ध वागणे नव्हे, पक्षाने दिलेला मान मी नाकारत नाही एवढेच. किती जळफळाट होतो आहे ते तुम्हाला कळणार नाही, भाषण तयार होते. तुम्ही बोला, लांब बोला, माझ्या बाजूची माणसे खुशाल पेंगू देत. पण मतदानाच्या वेळी तुमच्या पक्षाचा एक जरी माणूस कमी पडला तर सगळे गेले. म्हणून गुरुवारी दुपारी स्वतः उपाहारगृहाच्या दारात उभे राहा आणि तुमची माणसे, हातातला चहा टाकायला लावून, एकूण एक बाकावर आणून बसवा.