डाव्या बाजूचा बिघाड

दि. ९ मार्च, रविवार

चि. टिटवीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत. तुझे गुडघे काय म्हणताहेत? फार कुरकुरले तर चार शब्द सुनाव त्यांना. तुझ्या आवाजाला भलेभले वचकून असायचे.

मोठी बातमी अशी, की मी ॲम्प्लिफायर बांधला. सुट्या भागांचं किट मागवलं. त्यासोबत मिळणारी पत्र्याची पेटी मुद्दाम घेतली नाही. आईच्या शिवणयंत्राचा लांबट खण आठवतो ना? तीच पेटी. गरम होणाऱ्या भागांना थंडावा द्यायला बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला ॲल्युमिनियमचा ठोकळा कामी आला. आवाजाच्या बटणावर आईचं रिकामं लाकडी रीळ बसवलं आहे. फिरवताना बोटांना अजून दोरा लागतो की काय, असं वाटतं.

रेझिस्टरवरचे, त्यांचं माप सांगणारे रंगीत पट्टे वाचताना मला वर्गातले लघु-गुरू आठवत होते. मात्रा चुकली तर ओळ लंगडते, पट्टा चुकला तर धूर निघतो. माझ्या एकाही ओळीतून धूर निघाला नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

सून म्हणाली, "बाबा, दुकानात तयार मिळतो की."

"तयार कवितासुद्धा मिळतात, म्हणून माणसानं..."

"पुरे. चहा गार होतोय."

अडचण एकच आली. हेडफोन लावून तपासलं, तर डावीकडून काहीच नाही. तारांच्या जोडांचे सगळे डाख वितळवून पुन्हा दिले. डावीकडचे भाग बदलले, तारा बदलल्या. तरी मुकं. शेवटी किटवाल्याला खरमरीत पत्र लिहायला बसलो, तेव्हा सुनेनं हेडफोन स्वतःच्या कानांना लावला.

"दोन्हीकडून येतंय, बाबा."

"नीट ऐक."

"नीटच ऐकतेय. तुम्ही उलटा घालून बघा बरं."

उलटा घातला. मुकी बाजू जागची हलली नाही. माझ्या डाव्या कानापाशीच बसून राहिली.

टेबलावरचा माझा फोन उचलून सुनेनं माझ्या उजव्या हातात ठेवला, एवढंच.

टिटवे, मी फोन कायम डाव्या कानाला धरतो. उजव्या हातात पेन असतं, नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर. गेले कितीतरी महिने तू जे बोललीस, त्यातलं मला फार थोडं पोचलं. उरलेल्याला मी "बरं, बघू" म्हणत गेलो. लाइन खराब आहे, असं मला वाटायचं. म्हणजे वाटायचं नाही, तसं मी ठरवूनच टाकलं होतं.

तू सुनेपाशी मन मोकळं केलंस, ते तिनं मला काल सांगितलं. मेव्हणे गेल्यावर घर खायला उठतं, "दादा, तुझ्याकडे राहायला येऊ का?" असं तू फोनवर विचारलंस, आणि मी म्हटलं, "बघू." त्यानंतर तुझा फोन आला नाही. मी मात्र ही रुसली कशावरून, म्हणून इथे डोकं खाजवत बसलो होतो.

तर आता ऐक. डॉक्टरांकडे उद्या जातो आहे. ते कानात यंत्र घाल म्हणाले तर घालीन. यंत्रांशी माझं बरं जमतं. ॲम्प्लिफायरमध्ये मी एक बदल केला आहे. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून उजवीकडच्या स्पीकरला जोडला, आणि खणाच्या पुढच्या फळीला मायक्रोफोनसाठी भोक पाडलं. शाळेत तू पाठांतराला उभी राहिलीस की मैदानावरची मुलं खेळ थांबवून खिडकीशी यायची. तुझी तेव्हाची ती कविता मला पुन्हा हवी आहे. मधली दोन कडवी तू नेहमी गाळायचीस. ती मी पुरवीन, मला पाठ आहेत.

मागच्या खोलीतली माझी तारांची अडगळ काढली. पलंग खिडकीशी सरकवला आहे. सुनेनं पडदेही बदलले, म्हणजे हा माझ्या एकट्याचा निरोप नव्हे.

बघू नाही. ये. सामान घेऊन ये.

तुझी खुर्ची उजवीकडे मांडून बसलेला,
दादा