पहिल्या चिकाची वाटी

मंगळवार, दिवेलागण, वेल्हे

कपिला गाय परवा व्याली. आज चिकाचा खरवस केला, वेलची घालून. सायली पुण्याहून आलीय, पहिली वाटी तिच्यापुढं ठेवली. तिनं हळूच सरकवली. "आई, मी दूधही सोडलंय आता."

म्हणलं, "मटण सोडलंस, ते कळतंय. दुधात कोण मरतं गं?"

"कुणी नाही मरत. वासराचं असतं, एवढंच."

राग आला मला. ही तान्ही असताना माझ्या अंगावर दूध न्हवतं. कपिलाच्या आईच्या दुधावर वाढली ही. ओठावर आलं होतं, पण उठून वाटीवर झाकण घातलं.

संध्याकाळी धार काढायला बसले, तर तोरण्यावरनं धुकं पार गोठ्यात उतरलेलं. वासरू दाव्याला ताण देत होतं. एकदम वाटलं, ही तान्ही होती त्या वर्षीबी एक वासरू असंच बांधलेलं असणार. कसं होतं ते? तांबडं, का बांडं? सायलीचं पहिलं हसू आठवतं, ते वासरू काही केल्या आठवंना.

वाटी तशीच झाकून ठेवलीय.

वासरासाठी कासेचा एक सड रोजच सोडतो आपण. आज दोन सोडले. सायलीला सांगितलं न्हाई.