मधल्या पिंजऱ्यातली लापशी

तीर्थरूप साडूभाऊंस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (वाकणं हल्ली चांगलं जमतं, त्याचं कारण पुढे येईलच). तुमचा गुडघा, ताईंचा आवाज आणि घरातलं मांजर तिन्ही सुखरूप असतील अशी आशा करतो. ताईंचा आवाज ठणठणीत आहे हे मला माहीत आहे. दर रविवारी त्या फोनवर हिच्याशी बोलतात तेव्हा मी दोन खोल्या पलीकडे असतो, तरी संभाषणातलं काही निसटत नाही. आमच्याकडेही सगळं ठीक आहे, म्हणजे सगळ्यांच्या तब्येती ठीक आहेत. जे ठीक नाही ते ताईंच्या मार्फत तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्या तोंडून जावं म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे. आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी असल्यामुळे माझ्याकडे वेळ फार थोडा आहे.

आमच्या गल्लीत सोळा घरं आणि प्रत्येक घरापुढे चार पावलांची बाग, हे तुम्ही पाहिलेलंच आहे. कडेला बदामाची जुनी झाडं आहेत. बदामाचं पान म्हणजे जेवायला घ्यावं एवढं मोठं, आणि झाड ते वर्षातून दोनदा असं टाकतं जणू ते आपलं नव्हतंच. पूर्वी कचऱ्याची गाडी हा पालापाचोळा न्यायची. वर्षभरापूर्वी गाडीवाल्यानं सांगितलं, घरातला कचरा नेऊ, झाडांचं तुमचं तुम्ही बघा. मग लोक पानं जाळायला लागले. त्यात आघाडीवर आमच्या समोरचे दंतवैद्य. रोज सकाळी सात वाजता ते पेटवायचे आणि धूर सरळ आमच्या दिवाणखान्यात येऊन बसायचा, पाहुण्यासारखा नव्हे, जावयासारखा. शेवटी नऊ नंबरच्या बाईंनी (कृषी खात्यातून निवृत्त झाल्या आहेत आणि झाडाशी बोलतात त्याच सुरात माणसांशीही बोलतात) बैठक बोलावली. पानं, गवत, छाटलेल्या फांद्या जाळायच्या नाहीत, गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या जागेत त्यांचं खत करायचं आणि ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं असं ठरलं. अध्यक्ष कोण, असं त्यांनी विचारलं त्या घटकेला माझी डुलकी लागली होती. मान खाली गेली, आणि तो होकार समजला गेला. जाग आली ती टाळ्यांनी. मी छत्तीस वर्षं वजनमापं खात्यात दुकानदारांचे तराजू तपासले, त्यामुळे मी निःपक्षपाती आहे असा लोकांचा समज आहे. तो परवापर्यंत टिकला.

जाळीचे तीन पिंजरे उभे केले, छातीएवढे उंच. एका पिंजऱ्यात भरती, दुसऱ्यात कुजणं, तिसऱ्यात तयार माल. सुकी पानं तीन टोपल्या तर हिरवं गवत एक टोपली, आणि मुठीत दाबलं तर बोटं ओली व्हावीत पण थेंब पडू नये, एवढाच ओलावा. पहिल्या महिन्यात मला हे सगळं थोतांड वाटत होतं. मग एका सकाळी बाईंनी माझा हात मनगटापर्यंत मधल्या पिंजऱ्यात घालायला लावला आणि साडूभाऊ, आत ऊन होतं. ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावावा तसं. कोणी पेटवलं नव्हतं, कोणी शेगडी ठेवली नव्हती, नुसती पानं एकमेकांच्या अंगावर पडून तापली होती. त्या दिवसापासून मी त्या ढिगाऱ्याच्या प्रेमात पडलो. दर आठवड्याला दाताळ्यानं ढीग वरखाली करायचा असतो. ते काम माझं आणि माळ्याचं. हा माळी गल्लीतल्या आठ घरांची बाग बघतो, माझ्याच वयाचा आहे, आणि दिवसाकाठी दहाबारा शब्द बोलतो, तेही बहुतेक कुंड्यांशी.

आता लापशीकडे येतो. गेल्या वर्षी माझी साखर वाढली आणि ताईंनी हिला ती पाककृती पाठवली, हे तुम्हाला आठवत असेल. अकरा प्रकारच्या बिया भाजून, रात्रभर भिजवून सकाळी शिजवायच्या, मीठ नाही, साखर नाही, दया नाही. पहिल्या दिवशी मी वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी चमचा त्यात उभा केला, तो उभाच राहिला. आठवडाभरानं मला सुचलं. मी हिला म्हणालो, सकाळच्या मोकळ्या हवेत, ढिगाऱ्याची पाहणी करता करता खाल्लं तर अंगी लागेल. हिला इतका आनंद झाला की तिनं वाटीवर झाकण दिलं. मी वाटी घेऊन निघालो, मधल्या पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात उपडी केली, दोन मुठी पानं वर टाकली आणि घरी येऊन पोटावरून हात फिरवला. खोटं एकदाच बोललो. पुढचे चार महिने ते आपोआप बोललं गेलं.

सुरुवातीला ढीगही खूश होता. बाईंनी थर्मामीटर खुपसला तर आकडा साठावर. त्या म्हणाल्या, मागचा कोपरा विशेष छान पेटलाय. मी विनयानं मान खाली घातली (जागेपणी). इकडे माझं वजन तीन किलो उतरलं आणि साखर उतरली. उतरणारच, सकाळी पोटात काही नाही आणि वर तासभर दाताळं. पण डॉक्टर खूश, ही खूश, आणि ताईंनी माझे जुने-नवे तपासणीचे कागद शेजारी शेजारी लावून तीस नातेवाइकांना पाठवले. तुम्हालाही आले असतील. त्या कागदांच्या जोरावर कुठल्या कुठल्या सज्जनांच्या सकाळी नासल्या असतील याचा विचार करून मला झोप येत नसे. तरी वाटी मात्र मी रोज नेमानं रिकामी करत होतो.

तिसऱ्या महिन्यात मागच्या कोपऱ्याला आंबूस वास सुटला. मग चिलटं आली. मग घुशी आल्या, आणि त्या तिथे जेवून दंतवैद्यांच्या घरी राहायला जाऊ लागल्या. त्यांच्या दवाखान्यातले कवळीचे साचे कुरतडले गेले. दंतवैद्य तणतणत माझ्याकडे आले. म्हणाले, कोणीतरी शिजवलेलं अन्न टाकतंय, अध्यक्ष म्हणून छडा लावा, नाहीतर पिंजरे उखडा आणि मी आपला पुन्हा पानं जाळतो. आता विचार करा. पिंजरे गेले तर मला घरच्या टेबलावर, हिच्या नजरेसमोर ती वाटी खावी लागणार. म्हणून मी छडा लावायला घेतला. वही केली. घरोघर जाऊन काल काय शिजलं होतं ते विचारलं, संशयितांची यादी केली, आणि छान वळणदार अक्षरात 'शिजवलेले अन्न टाकू नये' अशी पाटी लिहून पिंजऱ्याला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाटीखाली उभं राहून मी वाटी उपडी केली. पाटीकडे पाहिलं नाही, एवढी लाज मला होती.

परवा बैठक झाली, नऊ नंबरच्या ओसरीवर. बाईंनी मागच्या कोपऱ्यातला एक गोळा काढून बशीत पाण्यात सोडला होता. भिंग लावून त्या एकेका जातीची बी चिमट्यानं बाजूला ठेवत गेल्या आणि मोठ्यानं मोजत गेल्या. अकरावर थांबल्या. पहिल्या रांगेत ही बसली होती. ती त्या बशीकडे बघत होती आणि मी छताकडे. दंतवैद्य उठले आणि म्हणाले, यात शोधायचं काय आहे, तिथे दिवसभर एकच माणूस असतो. त्यांनी मागे उभ्या माळ्याकडे बोट केलं. हा डबा तिथेच खातो, उरलंसुरलं ढिगात टाकतो, याला उद्यापासून गल्लीत पाऊल ठेवू द्यायचं नाही. दोन-चार माना हलल्या. आठ घरांचं काम त्या माना ठरवत होत्या.

माळी पुढे आला, बशीत वाकून बघितलं आणि म्हणाला, "मी जेवायला घरी जातो. आणि असलं मी गुरापुढेही ठेवणार नाही."

"मग कुणी टाकलं ते सांग," दंतवैद्य म्हणाले. "तू तिथेच असतोस ना?"

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. "मला नाही माहीत," म्हणाला.

साडूभाऊ, त्याला माहीत होतं. त्या एका नजरेत मला कळलं की चार महिने रोज तो मला बघत होता, आणि माझ्या दोन मुठी पानांनी ते कधीच झाकलं जात नव्हतं, मी गेल्यावर तो वर आणखी पानं ओढत होता. आणि आता काम जात असतानाही हा माणूस माझी वाटी झाकत होता. छत्तीस वर्षं मी काटा मारणाऱ्यांना पकडलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "लापशी माझी आहे."

दंतवैद्यांचं बोट अजून माळ्याकडेच होतं, ते त्यांना खाली घ्यायला सुचेना. मग ही म्हणाली, "किती दिवस?"

"चार महिने."

"रोज?"

"रविवारी दोन वाट्या. तू आग्रह करतेस म्हणून."

ही हसेल असं मला क्षणभर वाटलं होतं. नाही हसली. पदर सावरला, उठली, माळ्यापुढे जाऊन म्हणाली, "यांच्या वतीनं मी माफी मागते," आणि घरी निघून गेली. दंतवैद्यांनी मला अध्यक्षपदावरून काढावं असा ठराव मांडला. बाई म्हणाल्या, काढून काय उपयोग, मधला पिंजरा तळापासून उपसायला हवा आणि तो यांनीच उपसावा. हे एकमतानं मंजूर झालं, माझ्या मतासकट.

काल आणि आज मी तेच करत होतो. दंतवैद्य खुर्ची टाकून बसले होते आणि 'आणखी खोल' असं सांगत होते, सवयीप्रमाणे. मी माळ्याची माफी मागायला गेलो तर तो म्हणाला, "ते राहू द्या. दाताळं खालून धरा, नाहीतर पाठ धरेल." थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "मला वाटायचं साहेबांना घरच्या बाईंचं मन मोडवत नाही. म्हणून गप्प होतो." एका दमात इतके शब्द मी त्याच्याकडून कधी ऐकले नव्हते. मी खणत राहिलो. कोपऱ्यातली घाण काढून सुक्या पानांत कालवली, वास गेला, घुशी बहुधा पुन्हा दंतवैद्यांकडे गेल्या. आणि तळाशी, साडूभाऊ, काळं, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं खत निघालं. आठ पोती. पहिलं पोतं माळ्याच्या घरी गेलं, त्याच्या दारात टोमॅटो आहेत. ते मी स्वतः पाठीवर नेलं. म्हणूनच वाकणं जमतं असं वर लिहिलं.

ही दोन दिवस माझ्याशी मोजकं बोलते. सकाळी वाटी समोर ठेवते आणि खुर्ची ओढून समोर बसते. मी खातो. ताईंना माझे शिरसाष्टांग नमस्कार सांगावेत. त्यांची पाककृती अत्यंत गुणकारी आहे, निदान पानांना तरी.

आपला आज्ञाधारक,
धाकटा साडू

ता. क. आता मूळ मुद्दा. ताई म्हणतात तुम्ही हीच लापशी सहा वर्षं खाता आणि तुमचा चेहरा कसा टवटवीत आहे. मी लग्नकार्यात तुम्हाला जेवताना पाहिलं आहे. तुम्ही ती खात असाल यावर माझा काडीचा विश्वास नाही. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, बाग नाही, पिंजरा नाही. तर वडीलकीच्या नात्यानं कृपा करून एवढंच कळवा की तुम्ही ती कुठे टाकता.

ता. क. २. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नये. नऊ नंबरच्या बाईंच्या पत्त्यावर पाठवावं. त्या भिंगाखेरीज काही वाचत नाहीत.

ता. क. ३. भाओजी, नमस्कार. हे पत्र पोस्टात टाकायला यांनी माळ्याकडे दिलं आणि त्यानं, आता लपवालपवी पुरे म्हणून, ते माझ्याकडे आणून दिलं. मी वाचलं आणि मीच पाठवते आहे. तुम्ही यांना उत्तर लिहायची तसदी घेऊ नका. तुम्ही ती कुठे टाकता ते ताईनं मला पाच वर्षांपूर्वीच सांगितलंय. गुडघ्याला जपा.