दीडशे मीटर राहिले

मंगळवार, १० जून
बहुमजली पार्किंगचे जिने आज अकरा वेळा चढलो. पाठीवर दहा किलो बासमती! इथे मिल्टन कीन्समध्ये कुणीतरी ओळखीचं भेटतंच, म्हणून बेडफर्डला जातो. तिथला सिक्युरिटीवाला मला वेडा समजतो. असेन. ऑफिसला म्हणून सातला निघायचं आणि सहापर्यंतचे तास कुठेतरी काढायचे, तर माणूस दुसरं काय करणार? नोकरी जाऊन दोन महिने झाले. बायकोला, तनूला, सांगितलेलं नाही. तिने दिलेला डबा गाडीत बसून खातो. आज तोंडली होती.

सांगायचंय. पण असं रिकाम्या हाताने नाही. आधी शिखर — ग्रान पारादिसो, इटली, चार हजार एकसष्ट मीटर. तिथे वर उभा राहून सांगेन. तिथे मी हरलेला दिसणार नाही.

बुधवार, ११ जून
अजयचा फोन — आमचा मित्र, तोही येतोय. "पुष्क्या, शुक्रवारची लीव्ह अप्रूव्ह झाली ना?" झाली म्हटलं. कुणी केली ते विचारू नको बाबा!

शुक्रवार, १३ जून
पहाटे ल्यूटनहून विमान, मग भाड्याची गाडी, मग दोन तास चढ. तनू, अजय आणि मी आता डोंगरातल्या हटमध्ये. अजय आडवा पडल्या पडल्या घोरतोय. मला झोप नाही. खिडकीतून ग्लेशियर दिसतो. उद्या या वेळेपर्यंत सांगून झालेलं असेल.

शनिवार, १४ जून
शिखर न गाठता उतरलो!

पहाटे चारला निघालो. बर्फ लागल्यावर लूकाने — आमचा गाइड — चौघांना एका दोराला बांधलं. तो पुढे, मग तनू, मग मी, शेवटी अजय. एक थांबला की सगळे थांबणार. छान चाललं होतं. मी मनात वाक्य घोळवत होतो — तनू, एप्रिलमध्ये माझा जॉब गेला.

दहाच्या सुमारास ती मटकन खाली बसली. ओठ पांढरे. उठली, चार पावलं टाकली, परत बसली. शिखराखालचे खडक समोर होते, त्यांच्यावरची माणसंसुद्धा दिसत होती. लूकाने विचारलं, सकाळी काय खाल्लं? "ब्रेड, चीज," ती म्हणाली. त्याने हातातलं घड्याळ पाहिलं. दीडशे मीटर राहिले होते. "वन रोप, वन टीम. वुई गो डाउन."

मी म्हटलं, ही इथे अजयजवळ बसेल, आपण दोघं जाऊन येऊ. बोललो, खरंच बोललो असं! बायकोला बर्फात बसवून! तनू म्हणाली, "तू जा हवं तर." त्याचाच जास्त राग आला.

आठ महिन्यांची तयारी. ते जिने. तो तांदूळ. सगळं पाण्यात! आणि सांगायचं ते राहिलंच.

रविवार, १५ जून
परतीचं विमान. तनू झोपली होती. थंडी वाजली म्हणून तिचं जॅकेट अंगावर घेतलं. खिशात काहीतरी लागलं. हटमधला ब्रेड-चीज, नॅपकिनमध्ये तसाच. अजयच्या आईने दिलेला डिंकाचा लाडू, अख्खा.

जागी झाल्यावर विचारलं. "काल संकष्टी होती."

मी उडालोच. आईच्या उपासतापासांना हसणारी ही बाई! सोळा वर्षांच्या संसारात एकादशीला सामोसे खाल्लेत हिने. आणि ग्लेशियरवर संकष्टी? नुसत्या चहावर?

"कशासाठी?"

"असंच."

"तुझ्या असंचपायी माझं शिखर गेलं, तनू!"

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. ल्यूटन येईपर्यंत बोललो नाही. घरीही नाही.

सोमवार, १६ जून
सात वाजले. इस्त्रीचा शर्ट, डबा, गाडीची किल्ली — सगळं तयार. फ्रिजच्या दारावर मराठी कॅलेंडर असतं, मी कधी बघत नाही. आज बघितलं. चौदा जूनच्या चतुर्थीला पेनाने गोल. मागची पानं उलटली. सोळा मे, सोळा एप्रिल — तिथेही गोल. त्याआधी एकही नाही.

आणि नऊ एप्रिलच्या चौकोनात, तिच्या बारीक अक्षरात: 'पु.चा जॉब गेला. तो सांगेपर्यंत विचारायचं नाही.'

दोन महिने ती डबा भरतेय.

बूट काढले. ती वर केस विंचरतेय. घराच्या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत, आणि छाती आत्ताच धडधडतेय.