आईचा दांडा

पोर्तो, ३ ऑक्टोबर १९९४

चि. एर्मेलिंदा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्या शेजारणीने, झुल्मिराने, कळवलं. तू लपवलंस. उघड्या चुलीचा धूर आणखी एक हिवाळा छातीत गेला तर तू वसंत बघणार नाहीस म्हणे. मग वाद कशाला? घराला कुलूप लाव आणि इकडे ये. मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. तिची किल्ली पाकिटात घातली आहे.

आणि ते शेगडीचं खूळ सोड. आईच्या चुलीच्या पोकळीत काचेच्या दाराचा लोखंडी डबा कोंबायचा? त्या चुलीशी आपण पाच भावंडं वाढलो. वर दांड्याला सॉसेजच्या माळा धुरावत असायच्या. ती चूल बंद करणार? घर माझंही आहे. माझी परवानगी नाही.

तुझी काळजी वाहणारा,
आदेरितो

*

गावाहून, २१ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शेगडी बसली. आधी कळवलं असतं तर पहिली गाडी पकडून चुलीसमोर आडवा पडला असतास, म्हणून आता कळवते.

घराला कुलूप लाव म्हणतोस आणि चुलीला दार लावलं तर रडतोस! हा कुठला न्याय? आपल्या गल्लीत सात घरं बंद आहेत. सातही घरांत आयांच्या चुली जशाच्या तशा आहेत. उघड्या, पवित्र आणि गारठलेल्या. चूल बदलली म्हणून गाव मरत नाही दादा, माणसं उठून गेली की मरतं.

गवंडी बेलमीरो दोन दिवस खपला. धुराडं खरवडलं, छपरावरून पोलादी नळी सोडली, शेगडी आत सरकवली, फटी बुजवल्या. नळीला आईचा चेस्टनटचा दांडा आडवा आला. कापून टाकू म्हणाला. मी म्हटलं, आधी मला काप. शेवटी अख्खा काढला. आता तो शेगडीच्या वर भिंतीला ठोकला आहे.

आज खोकल्याशिवाय उठले. मी कुठेही येत नाही. रागाव हवं तर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी हट्टी बहीण,
एर्मेलिंदा

*

पोर्तो, १२ डिसेंबर

चि. एर्मेलिंदा हिस,
आशीर्वाद, आणि वर पोटभर हसू.

डुक्कर कापल्यावर काय झालं ते झुल्मिराने लिहिलं. त्या दांड्याला माळा टांगल्यास? अगं शहाणे, तुझी शेगडी खोलीत धूर सोडतच नाही ना! नुसत्या उष्णतेने चरबी वितळली, तापल्या लोखंडावर टपटपली आणि घरभर वास. पंचायतीत भाषणं ठोकणाऱ्या बाईची ही अक्कल! धूर नाही तिथे सॉसेज नाही, सॉसेज नाही तिथे नाताळ नाही. हरलीस, कबूल कर. किल्ली आहे ना? ये.

तुझा,
आदेरितो

*

गावाहून, १८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसून झालं? आता ऐक. चुलीवर दांडा दिसला की माळ टांगायची, ही हाताची जन्मभराची सवय. हात चुकले. मी चुकले नाही.

वाचलेल्या माळा झुल्मिराच्या उघड्या चुलीवर छान धुरावताहेत. त्या धुराने तिच्या सासूचे डोळे चुरचुरतात, म्हणून संध्याकाळी दोघी माझ्याकडे येऊन बसतात. धूर तिचा, ऊब माझी. मग बाकीच्या बायकाही येऊ लागल्या. कुणी चेस्टनट भाजायला आणतं, कुणी नुसतीच जीभ. त्या सात बंद घरांपैकी एकाचा मालक फ्रान्सहून सुट्टीवर आलाय. घर विकायला आला होता. परवा माझ्या शेगडीपुढे बराच वेळ बसला आणि जाताना बेलमीरोचा पत्ता घेऊन गेला.

नाताळला ये. शेगडीशेजारची खुर्ची तुझी. भांडायचं तर समोर बसून, हात शेकत भांड. माया आहे तशीच आहे, तिला दार लावलेलं नाही.

तुझी किल्ली हरवली नाही. आईच्या दांड्याला टांगली आहे, सॉसेजच्या जागी. तिथे आता धूर पोहोचत नाही, आणि माझा हातही पोहोचणार नाही.

कुठेही न जाणारी,
एर्मेलिंदा